काट्यावर ठरणारी शिक्षा : अफू, गर्द आणि हत्यारांच्या कायद्याची दीडशे वर्षे

अफू आणि बंदूक या दोन वस्तू बाळगण्यावर सबंध ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होणारे कायदे एकाच वर्षी, १८७८ मध्ये झाले. अफूचा कायदा हा त्या वर्षीचा पहिला अधिनियम आणि हत्यारांचा कायदा अकरावा. एकामागे महसूल होता, दुसऱ्यामागे १८५७ ची भीती. आज मोठ्या प्रमाणात अमली पदार्थ विकणाऱ्याला दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आणि बंदी असलेली रायफल बाळगणाऱ्याला सात ते चौदा वर्षांची कैद होते. या शिक्षांची मुळे त्या दोन कायद्यांत आहेत. मात्र त्या काळच्या शिक्षा आजच्या मानाने किरकोळ होत्या आणि त्या किती द्यायच्या हे न्यायाधीश ठरवत असे. पुढच्या शतकात शिक्षा वाढत गेल्या, आणि त्या ठरवण्याचा अधिकार न्यायाधीशाच्या हातून निघून कायद्यातल्या तक्त्याकडे आणि वजनाच्या काट्याकडे गेला. या इतिहासातला खरा बदल हा आहे.

एकोणिसाव्या शतकात अफूचा व्यापार गुन्हा नव्हता, तो सरकारचा धंदा होता. बंगालमध्ये कंपनी सरकारने खसखशीच्या लागवडीची मक्तेदारी घेतली होती आणि १८५७ च्या कायद्याने ती नियमबद्ध केली. पश्चिमेकडे रीत वेगळी होती. माळव्यातल्या संस्थानांत पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई आणि सरकार तिच्यावर पेटीमागे पास-फी घेई. १८३० च्या सुमारास ही फी पेटीला १७५ रुपये होती. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीकडची चोरवाट बंद झाली, मग फी चढत चढत सहाशे रुपयांच्याही वर गेली. मुंबईतल्या अनेक नामवंत व्यापारी घराण्यांच्या संपत्तीत या व्यापाराचा वाटा आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांची सुरुवातीची कमाई चीनच्या व्यापारातली, आणि त्यात अफूही होती. शहरातल्या दवाखान्यांना आणि शाळांना मिळालेल्या देणग्यांइतकाच हाही मुंबईच्या इतिहासाचा भाग आहे.

१८७८ चा अफू कायदा या पार्श्वभूमीवर वाचला, तर त्यातल्या शिक्षांचा अर्थ लागतो. परवान्याशिवाय अफू पिकवणे, बाळगणे, नेणे किंवा विकणे यासाठी जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. कमीत कमी शिक्षा ठरवलेली नव्हती. गुन्हा होता तो सरकारचे उत्पन्न बुडवण्याचा, अफूने होणाऱ्या हानीचा नव्हे. तरीही त्या छोट्या कायद्यात एक कलम असे होते की त्याची सावली आजपर्यंत पडली आहे. एखाद्याजवळ सापडलेल्या अफूचा समाधानकारक खुलासा त्याला करता आला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत त्याने गुन्हा केला असेच धरावे, असे दहावे कलम सांगत होते. आरोप सिद्ध करण्याचा भार फिर्यादीवर असतो या तत्त्वाला तिथे मुरड घातली गेली. वर्षभराच्या कैदेच्या कायद्यात ती कदाचित खपून गेली असती. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात हीच तरतूद अधिक कडक रूपात आली तेव्हा तिच्यासमोर दहा वर्षांची सक्तमजुरी होती.

गांजा, भांग आणि चरस यांचा हिशेब वेगळा ठेवला गेला. मुंबई इलाख्यात ते अबकारी कायद्याखाली, दारूच्या पंक्तीत बसले. अहमदनगर जिल्ह्यात गांजाची लागवड होत असे आणि तो ठेक्याच्या दुकानांतून विकला जाई. गांजावर बंदी घालावी अशी मागणी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये झाली, तेव्हा १८९३ मध्ये सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले. कमिशनने देशभर फिरून हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सविस्तर अहवाल दिला. मर्यादित सेवनाने होणारी हानी फारशी नाही, बंदी आणली तर लोक अधिक घातक पदार्थांकडे वळतील, म्हणून कर आणि परवान्याने आळा घालावा, असा त्याचा निष्कर्ष होता. अमली पदार्थांविषयीचे धोरण आखण्यापूर्वी इतका पुरावा गोळा करण्याचे काम भारतात पुन्हा कधी झालेले दिसत नाही. १९८५ चा कायदा तर महिनाभरात झाला.

हत्यारांच्या कायद्याची जातकुळी निराळी आहे. १८५७ च्या उठावानंतर लगेच निःशस्त्रीकरण सुरू झाले आणि १८६० मध्ये त्याचा कायदा झाला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या काळात १८७८ मध्ये तो अधिक व्यापक झाला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीच्या मार्च महिन्यातला. विनापरवाना हत्यार बाळगले तर तीन वर्षांपर्यंत कैद, आणि सरकारी नोकराला कळू नये अशा बेताने, लपवून बाळगले तर सात वर्षांपर्यंत कैद, अशी दोन पायऱ्यांची रचना होती. युरोपियनांना आणि आणखी काही वर्गांना यातून सूट होती. परवाना मागायचा तो देशी माणसाने. लोकांना सर्वांत जास्त खटकली ती ही गोष्ट. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने हा कायदा बदलावा असा ठराव केला. नियमांतला वंशभेद पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या सुमारास निघाला.

महाराष्ट्रात या कायद्याची पहिली परीक्षा फार लवकर झाली. कायद्याला वर्ष होते न होते तोच १८७९ च्या सुरुवातीला वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी आणि इतरांना बरोबर घेऊन पुण्याच्या आसपास बंड उभारले. त्यांना शिक्षा झाली ती राज्याविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या कलमांखाली. जन्मठेप देऊन त्यांना एडनला पाठवण्यात आले आणि तिथेच १८८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पुढे नाशिकमध्ये २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांना गोळी घातली. त्या प्रकरणात विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या २० ब्राउनिंग पिस्तुलांचा माग लागला. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना एप्रिल १९१० मध्ये फाशी झाली. सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या, त्यांतली दुसरी या खुनाला साहाय्य केल्याबद्दल होती आणि तिचा आधार ती पिस्तुले हाच होता. म्हणजे राजकीय बंडाला चिरडायला दंडसंहिता होती. हत्यार कायद्याची तीन आणि सात वर्षे उरली ती परवाना न घेतलेल्या शेतकऱ्यासाठी, दरोडेखोरासाठी आणि गावठी बंदुका बनवणाऱ्या लोहारासाठी.

जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत पहिली मागणी संपूर्ण दारूबंदीची होती आणि शेवटची, स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकांच्या नियंत्रणाखाली द्यावेत अशी होती. नशेवरचा महसूल आणि हत्यारबंदी या दोन्हींवर एकाच यादीत बोट ठेवलेले होते. त्याच वर्षी सरकारने डेंजरस ड्रग्ज ॲक्ट केला. त्यामागे देशातल्या मागणीपेक्षा आंतरराष्ट्रीय करारांचा रेटा मोठा होता. १९१२ चा हेग करार आणि १९२५ चा जिनिव्हा करार यांनी कोकेन, मॉर्फिन, हेरॉईन अशा पदार्थांच्या व्यापारावर बंधने आणली होती. चीनला होणारी अफूची निर्यातही १९१३ मध्येच थांबली होती. नव्या कायद्याने कारखान्यात तयार होणाऱ्या औषधी द्रव्यांना प्रथमच एका छताखाली आणले. शिक्षेचा स्वभाव मात्र जुनाच राहिला. वरची मर्यादा तेवढी ठरलेली आणि खाली न्यायाधीशाला मोकळीक.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने वेगळी वाट धरली. चंडोलवर, म्हणजे अफू ओढण्यावर, १९३६ चा कायदा होताच. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारूबरोबर गांजा, भांग आणि अफूही कवेत घेतली. या कायद्यात किमान शिक्षेची कल्पना आली. निकालपत्रात विशेष कारणे नोंदवल्याशिवाय न्यायाधीशाने ठरावीक मुदतीपेक्षा कमी कैद देऊ नये, असे त्यात होते. कारण लिहिले की दार उघडत असे. पुढच्या काळातल्या केंद्रीय कायद्यांनी अमली पदार्थांच्या बाबतीत हे दारच बंद केले.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. कायदा पाळणाऱ्या नागरिकाला परवाना मिळणे सोपे व्हावे आणि गुन्हेगाराला आळा बसावा, हा त्याचा घोषित हेतू होता. शिक्षा पूर्वीसारखीच होती. बेकायदा बाळगण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत, गुन्ह्यासाठी वापरण्याच्या हेतूने बाळगण्याबद्दल सात वर्षांपर्यंत. विनापरवाना अग्निशस्त्राच्या खटल्याला जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागे, आजही लागते. घरगुती किंवा शेतीच्या कामासाठीच बनवलेली अवजारे आणि साधी काठी यांना व्याख्येतूनच वगळले होते. शेतकऱ्यांच्या देशात ते आवश्यकच होते. बाळगणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात दिले. वस्तू जवळ असणे पुरेसे नाही, ती आपल्या ताब्यात असल्याची जाणीव हवी. उलट वस्तू अंगावर नसली तरी तिच्यावर सत्ता चालत असेल, तर तोही ताबाच. हत्याराच्या खटल्यातली ही जाणीवपूर्वक ताब्याची कसोटी पुढे अमली पदार्थांच्या खटल्यांतही वापरात आली.

या दोन्ही कायद्यांचा सूर १९८० च्या दशकात एकदम बदलला. पंजाबातला दहशतवाद आणि बेकायदा शस्त्रांचा सुळसुळाट हे हत्यार कायद्यापुरते कारण. १९८३ च्या दुरुस्तीने किमान शिक्षा आणल्या. परवान्याशिवाय साधे हत्यार बाळगणाऱ्याला किमान एक वर्ष आणि बेकायदा बनवून विकणाऱ्याला किमान तीन वर्षे झाली. पहिल्या प्रकारात विशेष कारणे नोंदवून शिक्षा कमी करण्याची मुभा राहिली. १९८८ मध्ये आणखी पुढचे पाऊल पडले. बंदी असलेल्या हत्याराच्या बेकायदा वापराने कोणाचा मृत्यू झाला, तर फाशी हीच एकमेव शिक्षा, असे सत्ताविसाव्या कलमात लिहिले गेले.

अमली पदार्थांच्या बाबतीत कारण सीमेपलीकडून आले. इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातले युद्ध यांनी अफूच्या जुन्या वाटा मोडल्या आणि पश्चिमेकडे जाणारे हेरॉईन भारतातून वाहू लागले. त्यातले काही इथेच झिरपले. मुंबईत ते ब्राऊन शुगर आणि गर्द या नावांनी आले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वस्त्यांमध्ये आणि कॉलेजांमध्ये ते इतक्या वेगाने पसरले की पुष्कळ कुटुंबांना आपल्या मुलाला काय झाले आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला असे. अनिल अवचट यांनी ‘गर्द’ या पुस्तकातून ही दुनिया मराठी वाचकांपुढे आणली. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्याला पु. ल. देशपांडे यांचे आर्थिक साहाय्य होते. पुण्यात उपचाराची ही सोय उभी राहत होती, त्याच सुमारास दिल्लीत शिक्षेचा कायदा तयार झाला होता.

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे बोलीतला एनडीपीएस कायदा, २३ ऑगस्ट १९८५ रोजी लोकसभेत मांडला गेला. १६ सप्टेंबरला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. उद्देशपत्रिकेत जुन्या कायद्यांतली कमाल शिक्षा तीन वर्षे आणि पुन्हा गुन्हा केल्यास चार वर्षे असल्याचे सांगितले होते. किमान शिक्षा नसल्याने तस्कर नाममात्र शिक्षेवर सुटतात, अशी तक्रारही होती. यावर उतारा म्हणून किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड, कमाल वीस वर्षे आणि दोन लाख, अशी शिक्षा आली. गांजाला तुलनेने कमी, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती. भांग, म्हणजे शेंड्यांशिवायची पाने, व्याख्येच्या बाहेर राहिली. होळीच्या आणि शिवरात्रीच्या देशात तिला आत घेणे कोणालाही शक्य नव्हते.

कायद्याचे सर्वांत मोठे वैगुण्य हे होते की त्यात वजनाचा फारसा विचार नव्हता. अल्प प्रमाण स्वतःच्या सेवनासाठी होते हे आरोपीने सिद्ध केले, तर सहा महिने किंवा वर्षभर कैद. ते सिद्ध करता आले नाही, तर सरळ दहा वर्षे. व्यसन भागवण्यासाठी दोन पुड्या विकणारा नशेबाज पोरगा आणि जहाजातून माल उतरवणारा तस्कर यांना कायद्याने एका रांगेत उभे केले. परिवीक्षेवर सोडण्याची सवलत अठरा वर्षांवरील आरोपीला, अगदी हलक्या कलमांचा अपवाद सोडता, नव्हती. दंडाचा लाख रुपये भरता आला नाही की त्याबद्दलची कैद वेगळी. तुरुंगात अशी मुदत काढणारा माणूस बहुधा तस्कर नसे, कारण तस्कराकडे दंडाचे पैसे असतात.

१९८९ च्या दुरुस्तीने कायदा आणखी आवळला. जामिनासाठी आरोपी निर्दोष असल्याचे मानायला वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटणे आवश्यक झाले. शिक्षा झाल्यावर ती स्थगित किंवा माफ करायची नाही, असे नवे कलम आले. ठरावीक वजनाच्या वर, उदाहरणार्थ एक किलो हेरॉईन किंवा वीस किलो चरस, दुसऱ्यांदा दोष सिद्ध झाला तर फाशी सक्तीची झाली. विशेष न्यायालये आणि मालमत्ता जप्तीची तरतूदही तेव्हाचीच. व्यसनी माणसाने स्वेच्छेने उपचार घेतले तर खटल्यातून सूट देणारे एक कलमही याच दुरुस्तीत आहे. ते फार क्वचित वापरले गेले, ही या कायद्यातली खेदाची बाजू आहे.

शिक्षा कमी करणे हाती राहिले नाही, तेव्हा न्यायालयांनी तपासाची कार्यपद्धती काटेकोरपणे पाहायला सुरुवात केली. झडतीपूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा हक्क तुला आहे, असे आरोपीला सांगितले होते का? पंच कोण होते? मुद्देमाल कोठे, किती दिवस, कोणाच्या सीलखाली होता? नमुना रासायनिक विश्लेषकाकडे कधी गेला? १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने झडतीचा तो हक्क सांगणे बंधनकारक ठरवले. शिक्षा जितकी जबर, तितके तिच्याभोवतीचे संरक्षण कडक, हे त्यामागचे सूत्र. त्याचा परिणाम असा झाला की खरे गुन्हेगारही पंचनाम्यातल्या त्रुटीवर सुटले आणि तपास यंत्रणा कायद्यालाच दोष देऊ लागल्या. अर्धा दोष कायदा करणाऱ्यांचा होता. मधली शिक्षाच नाही म्हटल्यावर निर्दोष सुटका आणि दहा वर्षे यांतच निवड करावी लागते.

या काळातला महाराष्ट्राशी संबंधित एक निकाल मुद्दाम सांगावा असा आहे. २००० मध्ये दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अपील चालू असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार संसदेने काढून घेणे घटनाबाह्य ठरवले. वरिष्ठ न्यायालयात अपील अनेक वर्षे पडून राहते आणि तोवर शिक्षा भोगून संपते, अशा परिस्थितीत अपिलाला अर्थ उरत नाही, हे न्यायालयाने मान्य केले.

वजनाचा विचार न करण्याची मूळ चूक संसदेने पुढच्या वर्षी दुरुस्त केली. २ ऑक्टोबर २००१ पासून शिक्षा प्रमाणाशी जोडल्या गेल्या. अल्प प्रमाणाला सहा महिन्यांपर्यंत (२०१४ नंतर एक वर्षापर्यंत), व्यावसायिक प्रमाणाला दहा ते वीस वर्षे, आणि मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत, म्हणजे खाली न्यायाधीशाला मोकळीक. कोणत्या पदार्थाचे किती वजन कोणत्या वर्गात, याचा तक्ता अधिसूचनेने आला. हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत अल्प आणि २५० ग्रॅमपासून व्यावसायिक, चरस १०० ग्रॅम आणि एक किलो, गांजा एक किलो आणि २० किलो, कोकेन दोन ग्रॅम आणि १०० ग्रॅम. एमडी नावाने पसरलेले मेफेड्रोन २०१५ मध्ये या यादीत आले, तिथे व्यावसायिक प्रमाण अवघ्या ५० ग्रॅमपासून सुरू होते. किमान शिक्षेपेक्षा जास्त द्यायची असेल तर कोणत्या बाबी पाहायच्या, याची यादीही याच दुरुस्तीने दिली. गुन्हेगाराने हिंसा किंवा हत्यार वापरले का, ही त्या यादीतली पहिली बाब आहे.

तक्ता आला आणि वादही काट्यावर गेला. रस्त्यावर विकली जाणारी भुकटी शुद्ध नसते, तिच्यात इतर पूड मिसळलेली असते. मग वजन कोणाचे धरायचे? २००८ मध्ये ई. मायकेल राज खटल्यात चार किलोहून थोडी अधिक भुकटी होती आणि तिच्यात हेरॉईन जेमतेम दीड टक्का, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम. सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध द्रव्याचेच वजन धरले आणि दहा वर्षांची शिक्षा सहावर आणली. सरकारने २००९ मध्ये अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे असे ठरवले. एप्रिल २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सरकारची बाजू मान्य केली आणि मायकेल राजचा निकाल चुकीचा ठरवला. बाजारात विष मिश्रणाच्याच रूपात विकले जाते आणि विकणारा तेवढ्या मालावर नफा घेतो, हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण त्याने भेसळ करणाऱ्या छोट्या विक्रेत्याला जवळजवळ शुद्ध माल ठेवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याच्या पंक्तीत बसवले, हेही तितकेच खरे.

सक्तीच्या फाशीचा शेवट मुंबईत सुरू झाला. १६ जून २०११ रोजी इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्कच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने, दुसऱ्या गुन्ह्याला फाशीच द्यावी हे कलम फाशी देता येईल असे वाचावे, असा निर्णय दिला. दंडसंहितेचे सक्तीच्या फाशीचे ३०३ वे कलम मिठू खटल्यात १९८३ मध्येच रद्द झाले होते, त्याचा आधार या निकालाला होता. २०१४ मध्ये संसदेने कायद्यातच तो बदल केला. हत्यार कायद्यातली सक्तीची फाशी त्याआधी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, दलबीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली होती. दोन कायद्यांतल्या दोन सक्तीच्या फाशी वर्षाच्या आत संपल्या.

२०१४ च्या दुरुस्तीत एक विचित्र चूकही झाली. व्याख्येच्या कलमाचा उपखंड क्रमांक बदलला, पण पैसे पुरवणाऱ्याला शिक्षा देणाऱ्या २७ अ या कलमात जुनाच क्रमांक राहिला. त्यामुळे अवैध व्यापाराला पैसे पुरवण्याचे ते कलम सात वर्षे निकामी उल्लेखावर उभे होते. त्रिपुरातल्या न्यायालयाने हे दाखवून दिल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये पूर्वलक्षी दुरुस्ती झाली. दहा वर्षांची कैद देणाऱ्या कायद्याच्या मसुद्यात अशी ढिलाई अक्षम्य म्हणावी लागेल.

हत्यारांच्या बाजूचा सर्वांत गाजलेला निकाल मुंबईचा आहे. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मरण पावली. तपासात बेकायदा आणलेल्या शस्त्रांचे अनेक धागे सापडले. बृहन्मुंबई हे त्या वेळी टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अधिसूचित क्षेत्र होते आणि अशा क्षेत्रात विशिष्ट हत्यार बाळगणे एवढ्याच कारणाने किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. असे हत्यार बाळगल्याचा आरोप असलेले अभिनेते संजय दत्त यांच्या याचिकेवर १९९४ मध्ये घटनापीठाने स्पष्ट केले की ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, आणि दहशतवादी कृत्याशी त्याचा संबंध नाही हे सिद्ध करण्याची संधी आरोपीला मिळाली पाहिजे. टाडा १९९५ मध्ये संपुष्टात आला, पण त्याखालचे खटले चालू राहिले. विशेष न्यायालयाने २००७ मध्ये दत्त यांना टाडाच्या आरोपातून मुक्त करून शस्त्र अधिनियमाखाली सहा वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये ती पाच वर्षांवर आणली. त्या कलमातली ती किमान मुदत होती, तिच्याखाली जायला न्यायालयाला जागाच नव्हती.

रोजच्या खटल्यांत मात्र बंदी असलेली रायफल क्वचितच असते. महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत नोंदले जाणारे बहुतेक गुन्हे गावठी कट्ट्यांचे आणि धारदार हत्यारांचे आहेत. जळगाव जिल्ह्याच्या सीमेवरचे उमर्टी हे गावठी पिस्तुलांसाठी वर्षानुवर्षे ओळखले जाते. पुण्यात अलीकडच्या वर्षांत ऊस तोडण्याचा कोयता दहशतीचे साधन झाला. कोयता हे मुळात शेतीचे अवजार, त्यामुळे तो कोणत्या परिस्थितीत हत्यार ठरतो याचा निर्णय वेळ, जागा आणि हेतू पाहून करावा लागतो. अशा गुन्ह्यांत शस्त्र अधिनियमाच्या ४ आणि २५ कलमांबरोबर महाराष्ट्र पोलीस अधिनियमातला शस्त्रबंदीचा आदेश मोडल्याचे कलमही लावले जाते. तिथली शिक्षा हलकी असते आणि आरोपी अनेकदा अगदी तरुण असतो.

संसदेचा कल मात्र वरच्याच दिशेला राहिला. १४ डिसेंबर २०१९ पासून बंदी असलेले हत्यार बाळगण्याची शिक्षा पाच ते दहा वर्षांवरून सात ते चौदा वर्षांवर गेली. विनापरवाना बंदूक बाळगण्याची किमान मुदत एकावरून दोन वर्षे झाली. बेकायदा हत्यारे बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आली. एका माणसाला ठेवता येणाऱ्या परवानाधारी बंदुका तीनवरून दोनवर आल्या. मूळ विधेयकात हा आकडा एक होता, चर्चेनंतर दोन झाला. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरला.

न्यायालयांनी या काळात दुसरी बाजूही सावरून धरली आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात, अमली पदार्थांचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले. त्याआधी अशा एकट्या कबुलीवर दहा वर्षांच्या शिक्षा झाल्या होत्या. पण २०२१ मध्ये गुरदेव सिंग खटल्यात त्याच न्यायालयाने, आरोपी गरीब आहे, घरातला एकटा कमावता आहे किंवा फक्त माल वाहून नेणारा आहे, एवढ्याने शिक्षा कमी करता येणार नाही, असेही सांगितले.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १११ व्या कलमात संघटित गुन्हेगारीची व्याख्या आहे. अमली पदार्थांचा व्यापार आणि हत्यारांचा व्यापार तिथे एकाच वाक्यात शेजारी शेजारी आले आहेत. टोळीच्या अशा गुन्ह्यात मृत्यू झाला नसेल, तरी किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कैद आणि किमान पाच लाख रुपये दंड आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने २०२५ मध्ये मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात दुरुस्ती करून अमली पदार्थांचे गुन्हेही त्याच्या कक्षेत आणले. १८७८ मध्ये ज्या दोन गुन्ह्यांना मिळून जास्तीत जास्त आठ वर्षे होती, त्यांना आता स्वतंत्रपणे जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि त्यांतल्या बहुतेक गंभीर प्रकारांत किमान मुदतीखाली जाण्याचा अधिकार कोणत्याही न्यायाधीशाला उरलेला नाही.